क्रोएशियन शिकायचीय? आधी शाळेतलं मराठी व्याकरण बाहेर काढा

नमस्कार मित्र-मैत्रिणींनो! कसे आहात सगळे?

आजचा एपिसोड एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. आपला एक श्रोता आहे, साताऱ्याकडचा. सध्या क्रोएशियात, स्प्लिट शहरात, एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. त्याने पाठवलेला मेसेज थोडक्यात असा होता: "ताई, इथे भाषा शिकायचं सगळं मटेरियल इंग्लिशमधून आहे. ॲप इंग्लिशमधून, व्हिडिओ इंग्लिशमधून. मी मराठी मीडियमचा. माझं इंग्लिशच कच्चं, मग मला क्रोएशियन काय कपाळ येणार?"

मी तो मेसेज तीनदा ऐकला. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये. गेल्या काही वर्षांत भारतातून, नेपाळमधून, फिलिपीन्समधून बरीच मुलं तिकडे कामाला जातायत. हॉटेल, बांधकाम, डिलिव्हरी. यातल्या ज्यांचं इंग्लिश चांगलं नाही, त्यांना वाटतं की पुढचा रस्ताच बंद आहे. आधी इंग्लिश सुधारा, मग क्रोएशियन शिका.

आता माझी ओळख. मी काही भाषेची प्राध्यापक नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. आमची अर्धी टीम झाग्रेबमध्ये बसते, म्हणून दोन वर्षांपासून मी क्रोएशियन शिकतेय. आणि या दोन वर्षांत मला जे कळलं ते एका वाक्यात सांगते: क्रोएशियन व्याकरणासाठी इंग्लिश हा लांबचा रस्ता आहे, मराठी हा जवळचा. आपल्याकडे म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगदी तसं.

नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवायला पाहिजे. म्हणून आज आपण रोजची साधी वाक्यं घेऊया. क्रोएशियन लिपी रोमन आहे, पण मी सगळं आपल्या देवनागरीत सांगणार आहे. ऑडिओ सोबत ऐका, म्हणजे उच्चार बसतील.

सुरुवात साताऱ्यापासूनच करू. इंग्लिशमध्ये म्हणा: आय ॲम फ्रॉम सातारा. आय ॲम इन सातारा. आय ॲम गोइंग टू सातारा. तिन्ही ठिकाणी 'सातारा' हा शब्द जसाच्या तसा. आता मराठीत म्हणा: मी साताऱ्याचा. मी साताऱ्यात आहे. मी साताऱ्याला चाललोय. सातारा राहिला का सातारा? नाही. 'साताऱ्या' झाला आणि त्याला शेपूट लागलं.

क्रोएशियनमध्ये बघा. मी साताऱ्याचा: या साम इझ सातारे. मी साताऱ्यात आहे: या साम उ सातारी. साताऱ्याला चाललोय: इदेम उ सातारु. सातारे, सातारी, सातारु. शब्दाचा शेवट बदलतो. इंग्लिशमधून शिकणाऱ्याला इथेच पहिला धक्का बसतो, की नाव कसं काय बदलतं? आपल्याला धक्का बसायचं कारणच नाही. आपण जन्मापासून गावांची नावं बदलतोय.

शाळेत सर घोकून घ्यायचे, आठवतंय? प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी, संबोधन. तेव्हा वाटायचं, हे आयुष्यात कुठे लागणार! क्रोएशियनमध्ये सात विभक्त्या आहेत, आणि संबोधन त्या सातात धरलेलं आहे. मी आज सुरुवातीला 'मित्र-मैत्रिणींनो' म्हणाले, ते संबोधन. मित्र या शब्दाला हाक मारताना आपण 'मित्रा' करतो. त्यांच्याकडे मित्र म्हणजे प्रियातेल्य, हाक मारताना प्रियातेल्यु. बाई म्हणजे गोस्पोजा, आणि दुकानात हाक मारायची असेल तर गोस्पोजो.

आता कॉफी. तिथे कॉफीशिवाय पान हलत नाही. कॉफी म्हणजे कावा, स्त्रीलिंगी शब्द. 'कॉफी गरम आहे': कावा ये व्रुचा. 'एक कॉफी द्या': येदनु कावु, मोलिम. 'मी कॉफीशिवाय जगू शकत नाही' यातलं 'कॉफीशिवाय': बेझ कावे. कावा, कावु, कावे. कर्ता असेल तर कावा, कर्म असेल तर कावु, 'शिवाय' आलं की कावे.

इथे एक भारी गोष्ट आहे. मराठीत आपण म्हणतो, 'मी बस शोधतोय', पण 'मी भावाला शोधतोय'. निर्जीव वस्तूला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. बरोबर? क्रोएशियनमध्ये पुल्लिंगी शब्दांचं एकवचनात अगदी तेच होतं. बस शोधतोय: त्राझिम आउतोबुस, बदल नाही. भाऊ म्हणजे ब्रात, आणि भावाला शोधतोय: त्राझिम ब्राता. सजीव असेल तर शेवट बदलतो, निर्जीव असेल तर नाही. इंग्लिश पुस्तकात हा नियम समजावायला वेगळी चौकट टाकावी लागते. आपल्याला 'ला लागतो का बघ' एवढं म्हटलं की झालं.

पुढचं वाक्य प्रवासाचं. झाग्रेबमध्ये ट्राम चालते. 'मी ट्रामने जातो': इदेम त्रामवायेम. 'बसने जातो': इदेम आउतोबुसोम. शेवटी जो 'एम' किंवा 'ओम' लागला, तो आपला तृतीयेचा 'ने'. साधन सांगायचं असेल तर नुसता शेवट बदलायचा, आधी वेगळा शब्द नको. पेन्सिलीने लिहितो: पिशेम ओलोव्कोम. पण सोबत सांगायची असेल तर 'स' हा छोटा शब्द आधी येतो. भावासोबत: स ब्रातोम. दूध घातलेली कॉफी: कावा स म्लियेकोम.

इंग्लिशमध्ये 'विथ पेन्सिल' आणि 'विथ ब्रदर' दोन्हीकडे 'विथ' येतं, म्हणून इंग्लिशवरून येणारा माणूस पेन्सिलीलाही 'स' लावून मोकळा होतो. मग त्याचा अर्थ होतो, मी पेन्सिलीला सोबत घेऊन लिहितोय! मराठीत 'पेन्सिलीने' आणि 'भावासोबत' आधीच वेगळे आहेत. डोक्यात इंग्लिश आणलं नाही तर गोंधळ होतच नाही.

तसंच 'कुठे' आणि 'कुठं जायचंय' याचं. स्प्लिटमध्ये राहतो: झिविम उ स्प्लितु. स्प्लिटला जातो: इदेम उ स्प्लित. दोन्हीकडे छोटा शब्द 'उ' तोच, फरक फक्त शेवटात. एक जागेवर आहे, एक निघालाय. आपण 'मध्ये' आणि 'ला' करतो, ते 'स्प्लितु' आणि 'स्प्लित' करतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. इंग्लिशमध्ये 'आय ॲम कोल्ड', म्हणजे मी थंड आहे. आपण असं म्हणतो का? आपण म्हणतो, मला थंडी वाजतेय. क्रोएशियन माणूस म्हणतो: ह्लादनो मि ये. यातलं 'मि' म्हणजे आपलं 'मला'. 'मला झोप येतेय': स्पावा मि से. 'मला डॉक्टर हवाय': त्रेबा मि लियेच्निक. कुणी भेटलं की 'भेटून आनंद झाला' यासाठी म्हणतात: द्रागो मि ये. इथेही 'मला'.

आणि 'आवडणे' बघा. मला हे घर आवडतं: स्विजा मि से ओवा कुचा. मला ही घरं आवडतात: स्विजायु मि से ओवे कुचे. मराठीत घर एक असेल तर 'आवडतं', अनेक असतील तर 'आवडतात'. क्रियापद घराच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. क्रोएशियनमध्येही तसंच, स्विजा आणि स्विजायु. हे वाक्य इंग्लिशमधून शिकताना 'उलटं वाक्य' म्हणून शिकवतात. आपल्यासाठी ते सुलट आहे.

ही नाती हवेतून आलेली नाहीत. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या, इंडो-युरोपियन म्हणतात ते. शब्दांतही खुणा सापडतात. तीन म्हणजे त्री. भाऊ म्हणजे ब्रात, संस्कृतात भ्राता. धूर म्हणजे दिम, संस्कृतात धूम. आकाश म्हणजे नेबो, आपलं नभ. नवऱ्याचा भाऊ म्हणजे जुन्या शब्दात दियेवेर, आपला दीर. आणि सून म्हणजे स्नाहा, संस्कृतात स्नुषा. आणखी एक गंमत सांगते. युरोपात छापलेलं पहिलं संस्कृत व्याकरण १७९० साली रोममध्ये निघालं. ते लिहिणारा फिलिप वेझदिन हा ऑस्ट्रियातल्या क्रोएशियन कुटुंबात जन्मलेला धर्मोपदेशक होता आणि केरळात, मलबारच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं राहिला होता. म्हणजे हा रस्ता दोनशे वर्षांपूर्वी तिकडून इकडे कुणीतरी चालून गेलेलं आहे.

बरं, आता मुली आणि मुलं दोघांनी लक्ष द्या. इंग्लिशमध्ये 'आय केम' मुलगा म्हणो की मुलगी, एकच. मराठीत मी म्हणते 'मी आले', मुलगा म्हणतो 'मी आलो'. क्रोएशियनमध्ये मी म्हणणार: दोश्ला साम. मुलगा म्हणणार: दोशाओ साम. 'ती आली' दोश्ला ये, 'ते आलं' दोश्लो ये. तीन लिंगं, आपल्यासारखीच. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. आपल्या 'आली'मध्ये ल आहे आणि त्यांच्या 'दोश्ला'मध्येही ल आहे. हे मात्र नातं समजू नका, दोन्ही 'ल' वेगवेगळ्या रस्त्याने आलेत. लक्षात ठेवायची खूण म्हणून वापरा.

पण इथेच एक खड्डा आहे आणि तो खास आपल्यासाठी आहे. मराठीत 'मी पोळी खाल्ली', 'मी भात खाल्ला', 'मी पुस्तक वाचलं'. क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं. खाणारा कोण, याने फरक पडत नाही. क्रोएशियनमध्ये असं नाही. तिथे भूतकाळात क्रियापद नेहमी कर्त्यामागे जातं. ब्रेड म्हणजे क्रुह, पुल्लिंगी शब्द. तरी मी म्हणणार: येला साम क्रुह, कारण मी मुलगी. मुलगा म्हणणार: येओ साम क्रुह. तेव्हा 'आले-आलो'चा नियम घ्या आणि 'खाल्ली-खाल्ला'चा नियम मराठीतच ठेवा.

दुसरा खड्डा छोट्या शब्दांचा. साम, सि, ये, मि, से, हे शब्द वाक्यात पहिल्या जागेवर बसत नाहीत. त्यांना दुसरी जागा लागते. 'या साम इझ सातारे' चालेल, 'इझ सातारे साम' पण चालेल. 'साम इझ सातारे' अजिबात नाही. आपल्याकडे 'च' किंवा 'सुद्धा' वाक्याच्या सुरुवातीला येतं का? नाही, कुणाच्या तरी मागेच लागतं. हे तसेच मागे लागणारे शब्द. आणि असे दोन-तीन एकत्र आले तर त्यांची रांग ठरलेली असते. 'तिने मला ते दिलं': दाला मि गा ये. आधी मला, मग ते, आणि 'ये' सगळ्यात शेवटी. ही रांग मराठीतून मिळत नाही. ती पाठच करावी लागते, दहा वाक्यं म्हणून म्हणून.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. आम्ही ॲप अनेक भाषांत काढतो, तेव्हा '१ तिकीट', '२ तिकिटं' अशी वाक्यं प्रत्येक भाषेसाठी वेगळी भरावी लागतात. कोणत्या भाषेत किती प्रकार, याची यादी युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या डेटामध्ये असते. मराठीला दोन खाने आहेत: एक, आणि बाकी सगळे. क्रोएशियनला तीन. तिकीट म्हणजे कार्ता. एक तिकीट: येदना कार्ता. दोन, तीन, चार तिकिटं: द्वियेऽ कार्ते, त्री कार्ते, चेतिरी कार्ते. आणि पाचपासून पुढे: पेत काराता.

इथे थांबलं असतं तर सोपं होतं. पण २१ म्हटलं की पुन्हा कार्ता! कारण शेवटचा आकडा एक आहे. २२, २३, २४ ला कार्ते, २५ ला काराता. आणि ११ ते १४ या चौघांना अपवाद, ते सगळे काराता. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर संख्येला दहाने भागा आणि बाकी बघा, फक्त शेवटचे दोन आकडे ११ ते १४ असतील तर सरळ तिसऱ्या खान्यात टाका. १११ ला काराता, १२१ ला कार्ता. दुकानात, बसस्टँडवर, पगाराच्या हिशोबात हे रोज लागतं. २०२३ च्या १ जानेवारीपासून तिथे युरो चालतो. एक युरोला येदान एउरो, दोनला द्वा एउरा, पाचलाही पेत एउरा. म्हणजे युरोत दुसरा आणि तिसरा खाना सारखाच दिसतो. तेवढंच सुख.

शेवटचं वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समजा समोर कामाचा करार आहे. करार म्हणजे उगोवोर. मॅनेजर विचारतो, वाचलास का? तुम्ही म्हणालात: चिताओ साम उगोवोर. याचा अर्थ, वाचत होतो, वाचन चाललं होतं. पूर्ण झालं की नाही, माहीत नाही. आणि म्हणालात: प्रोचिताओ साम उगोवोर. याचा अर्थ, वाचून झाला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. चिताति आणि प्रोचिताति, एकाच कामाची दोन क्रियापदं. एक चालू काम, एक पूर्ण झालेलं काम. जवळपास प्रत्येक क्रियापदाची अशी जोडी असते. लिहिणे: पिसाति आणि नापिसाति. पैसे भरणे: प्लाचाति आणि प्लातिति.

इंग्लिशवरून जाताना हे अवघड पडतं, कारण 'आय रेड द कॉन्ट्रॅक्ट' मध्ये दोन्ही अर्थ मावतात. मराठीत बघा. वाचला, वाचून काढला, वाचून टाकला, वाचून झाला, वाचत होतो. काम पूर्ण झालं की अर्धवट राहिलं, हे आपण दुसरं क्रियापद जोडून रोज सांगतो. ते त्यासाठी पुढे 'प्रो' किंवा 'ना' जोडतात, किंवा शब्दच थोडा बदलतात. जोड्या पाठ कराव्या लागतील, पण कल्पना नवीन नाही. बोलायच्या आधी मनात विचारा: इथे मी मराठीत 'करत होतो' म्हणेन की 'करून झालं' म्हणेन? 'करत होतो' असेल तर चिताओ. 'करून झालं' असेल तर प्रोचिताओ.

आणि हा फरक नुसता पुस्तकातला नाही. 'भाडं भरत होतो' आणि 'भाडं भरलं' यात घरमालकासमोर किती फरक पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. सहीचंही तेच.

आता कुणी म्हणेल, मग मराठी येतं म्हणून क्रोएशियन आपोआप येईल का? नाही येणार. मराठीत 'ने' सगळ्या शब्दांना तोच लागतो, तिथे शब्दाच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो. विशेषणंही बदलतात. मोठं घर म्हणजे वेलिका कुचा, मोठ्या घरात म्हणजे उ वेलिकोय कुचि. पण 'मोठं'चं 'मोठ्या' तर आपणही करतोच ना! मेहनत आहे. मी सांगतेय ते एवढंच, की मेहनत कुठून सुरू करायची. जो माणूस 'साताऱ्याचा, साताऱ्यात, साताऱ्याला' न चुकता बोलतो, त्याला व्याकरण येत नाही असं कुणीही म्हणू नये. त्याने स्वतः तर अजिबात म्हणू नये. इंग्लिश कच्चं असणं म्हणजे भाषा कच्ची असणं नाही.

आता गृहपाठ. एक वही घ्या, किंवा फोनमधलं नोट्स उघडा. रोज एक मराठी वाक्य लिहा, तुमच्या कामावरचं. 'मी बसने कामाला जातो.' 'मला थंडी वाजतेय.' 'मी भावाला फोन केला.' शब्दांच्या शेवटी जे लागलंय त्याच्याखाली रेघ मारा: ने, ला, त, चा. मग प्रत्येक रेघेला विचारा, क्रोएशियनमध्ये इथे शेवट काय होतो? उत्तर शोधायला ॲप वापरा, नाहीतर शेजारी काम करणाऱ्या माणसाला विचारा. एका महिन्यात तीस वाक्यं होतील, आणि ती तुमच्या रोजच्या उपयोगाची असतील. ॲपमधलं हत्ती सफरचंद खातो छाप वाक्य नाही.

विचारताना मोठ्या माणसाला 'ति' म्हणू नका, 'वि' म्हणा. आपलं तू आणि तुम्ही. मित्राला 'काको सि', साहेबांना 'काको स्ते'. आणि समोरचा भरभर बोलायला लागला तर दोन शब्द लक्षात ठेवा: मोलिम वास, पोलाको. म्हणजे, प्लीज, जरा हळू. पोलाको हा शब्द तिथे सारखा ऐकू येतो. घाई करू नको, सावकाश, होईल, असे सगळे अर्थ त्यात येतात.

तुमची वाक्यं व्हॉइस नोटवर पाठवा. चांगली वाक्यं पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू आणि त्यांच्या विभक्त्या मिळून सोडवू. तोपर्यंत, पोलाको. दोविजेन्या!